कोरड्या डोळ्यांचा फोटोवाला

नंदुरबारात माझ्याबद्दल अशी बोलवा होती की फोटोवाला सकाळी दुकान उघडायच्या आधीच लावून येतो. डोळेच तसे होते माझे, गुंजेसारखे लाल. चहाखेरीज कसलंही व्यसन मला जन्मात लागलं नाही, पण हे कुणाकुणाला आणि कसं पटवायचं? तोंडाचा वास द्यावा तर तेवढं जवळ कुणी येत नसे. कारण दुसरी बोलवा अशी की माझे डोळे आलेत, आणि नुसतं बघितलं तरी दुसऱ्याचेही येतात. म्हणजे ज्याच्याकडे बघायला लोक भीत, त्याच्याच समोर त्यांनी सरळ बघत बसावं अशी माझी अपेक्षा होती. धंदा कसा चालला असेल ते तुम्हीच ताडा.

रोग सांगायला सोपा. डोळ्यांत पाणी तयार व्हायचं थांबलं, बस्स. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, त्या बोटानं सोडवाव्या लागत. मग दिवसभर डोळ्यांत वाळू. काढायला जावं तर काही नाही. वारा सुटला की आग, धूर लागला की आग, उजेड पडला की आग. मिरचीच्या हंगामात आमच्या गावाबाहेरची सगळी मोकळी जागा वाळत घातलेल्या मिरच्यांनी लाल व्हायची आणि येणाराजाणारा ठसकत, शिंकत, डोळे पुसत जायचा. मीही ठसकायचो, शिंकायचो. पुसायला मात्र काही नसायचं. लोकांना वाटे, काय घट्ट माणूस आहे! आणि मी आत भाजून निघत असे.

आता फोटोचं काम बाहेरच्यांना सांगतो. घराच्या पुढच्या खोलीला मी उत्तरेकडून छताला काचा बसवून घेतल्या होत्या. त्याखाली पांढरं कापड ताणलेलं, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. तीन पायांच्या घोडीवर लाकडी कॅमेरा. त्यामागे काळं फडकं डोक्यावर घेऊन उभं राहायचं, आणि दुधी काचेवर समोरचा माणूस खाली डोकं वर पाय असा दिसतो, तो पुढेमागे करून स्पष्ट करायचा. मग दुधी काच काढून तिथं चित्र धरून ठेवणारी मसाल्याची काच घालायची, भिंगावरचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण लावायचं. एवढ्या वेळात समोरच्यानं हलायचं नाही आणि पापणी लववायची नाही. हे सांगायचं कुणी? मी. आणि माझी पापणी? ती पाखराच्या पंखासारखी सारखी फडफड करायची, कारण डोळा क्षणभर उघडा ठेवला तरी चरचरायचा. तुम्ही करून बघा, समोरचा मिचकावू लागला की आपलेही डोळे मिचकतात. माझ्या सुरुवातीच्या फोटोंमधली निम्मी मंडळी पेंगलेली आहेत.

एकदा धानोऱ्याचे एक पाटील लेकीचा फोटो काढायला आले. स्थळ सुरतेकडचं होतं, तिकडे फोटो पाठवायचा होता. मुलगी खुर्चीवर बसली, मी काळ्या फडक्यातून तोंड बाहेर काढलं आणि म्हणालो, "बेटा, इकडे बघ, पापणी हलवू नको." आणि माझा डावा डोळा लागला फडफडायला. पाटील उठलेच.

"ओ फोटोवाला! कोणाकडे देखीसन डोया मारी ऱ्हायना तू?"

"पाटील, हाऊ रोग शे हो."

"रोगच शे! या रोगना इलाज मन्हा पायमा शे," असं म्हणून ते खरोखरच जोडा काढायला वाकले.

घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे यशोदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं ऐकलं होतं. ती पदर सारखा करत बाहेर आली आणि म्हणाली, "पाटीलबाबा, लगीन व्हयनं तधयपासून माले बी दिनभर डोया मारी ऱ्हायनात. मी काय करू, हेरमा उडी टाकू?" पाटलांच्या हातात एक जोडा तसाच राहिला आणि ते इतके हसले की मुलगीही हसली. हसरा फोटो त्या काळी कुणी स्थळाला पाठवत नसत, पण तोच गेला आणि तोच पसंत पडला. त्या दिवसापासून बायाबापड्या आल्या की यशोदा कॅमेऱ्याजवळ उभी राही. त्यांनी तिच्याकडे बघायचं, माझ्याकडे नाही, असा आमच्या दुकानाचा कायदाच झाला.

इलाज? अहो, डोळ्यांत घालायला सांगितलं नाही असं या खानदेशात काही उरलं नाही. गाईचं तूप झालं, त्रिफळ्याचं पाणी झालं, मध झाला. कांद्याचा रसही झाला, म्हणे पाणी काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाणी आलं नाही, फक्त मी घरभर नाचलो. मग कुणीतरी सांगितलं, अंगावरचं दूध. यशोदा बिचारी वाटी घेऊन बाळंतिणीच्या घरी गेली. तिथल्या आजीनं विचारलं, "कोणले पाहिजे वं?" यशोदा म्हणाली, "आमना यासले." आजी म्हणाली, "बाप रे! एवढा मोठा व्हयना तरी दूध सुटनं नही का त्यानं?" ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि पुढे कितीतरी दिवस पोरं मला बघून अंगठा चोखत.

शेजारी करीमचाचांचं अत्तराचं दुकान. पिढ्यान् पिढ्या इथलेच, माणूस लाख मोलाचा. ते घरी घोटलेला सुरमा देत. "बेटा, पहले जलन होगी, फिर ठंडक," असं म्हणून त्यांनी सळई फिरवली. जलन झाली. ठंडक अजून यायची आहे. पण त्यांचं गुलाबपाणी मात्र गार होतं. ते ओल्या पट्टीवर घालून दुपारी डोळ्यांवर ठेवलं की घटकाभर मी माणसात येत असे. चाचा जाईपर्यंत मला ते पुरवत राहिले आणि वर म्हणत, "तुझ्या डोळ्यांत जातं तेवढं गुलाबपाणी नवरदेवाच्या अंगावर पण उडत नाही."

देवीला चांदीचे डोळे बोललो, सोनाराकडून करून वाहिलेही. यशोदा म्हणाली, आता देवीले दोन जोड व्हयनात आणि तुमले एक बी नही.

शेवटी सुरतेला गेलो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पापणीच्या आत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवली आणि घड्याळ बघत बसले. पट्टी काढली तर घातली तशीच कोरडी. ते माझ्याकडे खरंखुरं आश्चर्य पाहिल्यासारखे बघू लागले. मला उगाच वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की याला मुळापासून औषध नाही. बोरिकच्या पाण्यानं धुवा, रात्री एरंडेलाचा थेंब घाला, आणि धूळ, धूर, वारा, प्रखर उजेड, बारीक काम हे सगळं टाळा. नाहीतर बुबुळावर फूल पडेल आणि दिसायचं बंद होईल. मी म्हणालो, "साहेब, मी फोटोग्राफर आहे." ते म्हणाले, "धंधो बदली नाखो."

बदली नाखो, म्हणे बदलून टाका! बापानं तापीकाठची काळी जमीन दाखवून मला हेच सांगितलं होतं, की हे खेळ सोड आणि औताला लाग. मी वाटणी भावांना देऊन कॅमेरा आणला होता. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ? हातात दुसरी कला नव्हती. परतीच्या गाडीत मी बोटांवर हिशेब मोजत बसलो. डोळे गेले की दुकान गेलं, दुकान गेलं की आम्ही दोघं रस्त्यावर. हे भय पुढे कायम सोबत राहिलं. थट्टा मस्करी करतो म्हणून ते नव्हतं असं समजू नका.

आता माझ्या धंद्यातल्या खास कामाकडे येतो. जिवंत माणूस माझ्यासमोर मिचकावे, पण मयत मिचकावत नाही. त्या काळी बहुतेक माणसांचा जन्मात एकच फोटो निघायचा आणि तोही तिरडीवर ठेवायच्या आधी. भिंतीला टेकवून बसवायचं, मागून पागोट्यानं बांधायचं, अंगावर शेला टाकायचा. भोवती सगळं घर आक्रोश करत असायचं आणि मी फडक्याखाली. इतर फोटोवाले अशा वेळी गहिवरून जात, त्यांना नीट दिसत नसे. मला काय, पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता. माझे मयताचे फोटो लख्ख येत. लोक म्हणत, याचं काळीज दगडाचं. तसं नव्हतं हो. घरी येऊन जेवण जायचं नाही. पण डोळे कोरडे दिसले की माणसं बाकीचं बघत नाहीत.

आणि फोटो काढून काम संपायचं नाही. मिटल्या डोळ्यांचा फोटो कुणालाच भिंतीवर नको असे. माणूस घराकडे बघतो आहे असं दिसलं पाहिजे. म्हणून कागदावर छाप काढला की त्यावर बारीक कुंचल्यानं आणि काळ्या रंगानं मयताचे डोळे उघडायचे, ही आमच्या धंद्याची रीतच होती. आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, मग बुबुळात एक पांढरा ठिपका सोडायचा. तो ठिपका जमला की मेलेला माणूस बघायला लागतो. या कामात मी वाकबगार समजला जाई. स्वतःचे डोळे धड उघडे ठेवता येत नव्हते, पण दुसऱ्यांचे उघडून देत होतो.

पण डोळे काढायचे कुणाचे बघून? ज्याचे ते तर मिटलेले. मी आपला समोर आरसा ठेवायचो.

एके दिवशी असे तीन छाप दोरीला वाळत टांगले होते. एक कापडवाले शेठ, एक खेड्यातले म्हातारबाबा आणि तिसरा खांडबाऱ्याचा आनंदा नावाचा विशीतला तरणा पोर. यशोदा चहा घेऊन आली, थबकली आणि म्हणाली, "या तिन्ही एकमेकना नातलग शेतस का?"

"छे. का गं?"

"मंग तिन्हीसना डोया सारखा कसा?" तिनं जवळ जाऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवून मटकन बसली. "अहो, या तर तुमना डोया शेतस!"

खरंच होते. आक्रसलेल्या पापण्या, खालचा काठ सुजलेला, बघताना त्रास होतोय अशी नजर. आरशात जे दिसलं ते इमानानं काढत गेलो होतो. यशोदा पदर तोंडात कोंबून हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. मग आठवलं. याआधी दिलेले सगळे फोटो? किती घरांत मेलेले सासरे, काका, भाऊ माझे दुखरे डोळे घेऊन भिंतीवर बसले होते, देव जाणे. बोभाटा झाला तर उद्यापासून दुकानात कुत्रंही फिरकणार नव्हतं. मी गप्प बसायचं ठरवलं आणि ते तिन्ही फोटो तसेच चौकटीत घालून देऊन टाकले.

आणि थोड्याच दिवसांनी आनंदाचा काका दारात उभा राहिला. नथ्थू त्याचं नाव. आनंदाला ताप चढला म्हणून यानंच गाडीनं नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं होतं. पोरगा इथंच गेला. धर्मशाळेच्या ओट्यावर मी फोटो काढला, तेव्हा सोबत हा एकटाच होता. आनंदाची विधवा आई, केशरमाय, खांडबाऱ्याला राहिली होती. तिला शेवटची भेट मिळाली नव्हती.

नथ्थू बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "भाऊ, आमनी वहिनी दिनभर त्या फोटोसमोर बठेल ऱ्हास. जेवस नही. म्हणस, मन्हा आनंदाना डोया दुखी ऱ्हायनात. ओला फडका करीसन काच पुसत बठस."

मी दोरीवरचे छाप उगाच सरळ करू लागलो.

"आनंदाना डोया असा नव्हतात," तो म्हणाला. "मायसारखा व्हतात, मोठा मोठा. तू नीट करी दे. नहीतर बाजारना दिन मी हाऊ फोटो सगळासले दखाडसू."

मी म्हटलं, डोळे मायसारखे होते ना, मग मी तिथं येतो. मायचे डोळे बघून तिथंच नवे काढतो. फोटोची मूळ काच माझ्याकडे होतीच. तिच्यावरून एक कोरा छाप काढला, डोळे मिटलेलाच, रंगाची पेटी घेतली आणि त्याच्याबरोबर सुरतेच्या गाडीत बसलो. खिडकी बंद होत नव्हती. इंजिनाचा सगळा धूर आणि कोळशाची कणी जणू माझाच पत्ता शोधत आली. खांडबाऱ्याला उतरलो तेव्हा मला डोळे उघडवत नव्हते. नथ्थूच्या खांद्यावर हात ठेवून आंधळ्यासारखा त्याच्यामागे चालत गेलो. असा मी मोठा चित्रकार, दुसऱ्याचे डोळे दुरुस्त करायला निघालेला!

केशरमाय ओसरीत बसली होती. समोर कोनाड्यात फोटो, शेजारी तांब्या आणि ओलं फडकं. पुसून पुसून पाणी चौकटीत शिरलं होतं आणि आनंदाच्या डोळ्यांखाली कागदावर डाग उतरला होता. मी समोर बसलो, कसेबसे डोळे उघडले आणि तिच्याकडे बघायला लागलो. ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं फोटोकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मी मनात म्हटलं, संपलं. आता हिनं ओळखलं, आता नथ्थूची काठी आणि माझं डोकं.

"तुन्हा बी दुखतस का रे भाऊ?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आडवा व्हय," ती म्हणाली, आणि मला खाटेवर निजवून तेच फडकं तांब्यातल्या पाण्यात भिजवून तिनं माझ्या डोळ्यांवर ठेवलं. मी तिचे डोळे बघायला आलो होतो, ते राहिलं बाजूला. वरचेवर ती फडकं भिजवत होती आणि विचारत होती, किती वर्षं झाली, काय काय केलं. मी सांगत गेलो. दुधाच्या वाटीची गोष्ट आली तेव्हा ती एकदा हसली. उंबऱ्यात बसलेला नथ्थू दचकून उठून उभा राहिला, ते मला पावलांवरून कळलं.

"मंग तुले बरं कधय वाटस?" तिनं विचारलं.

"डोया मिटात की, माय. मिटेल ऱ्हायनात तेवढंच बरं वाटस."

तिनं फडकं पुन्हा पिळलं. मग हळूच म्हणाली, "मन्हा पोऱ्याना डोया तू उघाडात का?"

खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. "हो माय. आमनी रीत शे तशी."

"म्हणजे तो गया तधय मिटेल व्हतात?" तिनं माझ्या डोळ्यांवरचं फडकं उचललं. "माले वाटनं, वाट देखत गया तो मन्ही. डोया उघडाच ऱ्हायी गयात. म्हणीसन दुखी ऱ्हायनात." आणि ती उंबऱ्याकडे वळली. "नथ्थू, खरं सांग. आपला आपलाच मिटनात का?"

"आपलाच मिटनात, वहिनी," नथ्थू म्हणाला. "झोप लागनी तसा."

मी उठलो, पिशवीतून कोरा छाप काढला आणि तिच्या हातात दिला. माझा रंग न लागलेला आनंदा, पापण्या मिटलेला. तिनं तो गुडघ्यावर ठेवला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मोठ्यानं रडली. मनसोक्त रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हाऊच ऱ्हाऊ दे. झोपेल शे. आते त्याले कोणी उठाडू नका." जुनी चौकट तिनं कोनाड्यातून काढून माझ्यापुढे धरली. "हाऊ तू लई जाय. या डोया तुन्हाच शेतस."

त्यानंतर मी एकाही मयताचे डोळे उघडले नाहीत. गिऱ्हाईक त्यावरून परत गेलं, भांडलं, दुसऱ्याकडे गेलं. धंदा निम्म्यावर आला. आताशा कॅमेऱ्याचं बहुतेक काम यशोदाच बघते आणि मी खुर्चीत पट्टी ठेवून बसून तिला सूचना देतो. त्या ती ऐकत नाही. बुबुळावर फूल अजून पडलेलं नाही, एवढी देवीची कृपा, चांदी अगदीच वाया गेली नाही म्हणायची.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. नथ्थू मला खांडबाऱ्याच्या स्टेशनावर पोचवायला आला होता. केशरमाय आता नाही, नथ्थूही नाही, म्हणून हे लिहितो आहे. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी सहज म्हणालो, बरं झालं, पोरगा शांत गेला.  गाडीचा धूर लांबवर दिसायला लागला तेव्हा त्यानं आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले.

"डोया मी मिटात," तो म्हणाला. "मिटतच नव्हतात. दारकडे देखत गया तो. तिले कधीच सांगू नको."

आणि एवढा दांडगा माणूस उपरण्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि माझे डोळे? नुसते जळत होते. थोड्या वेळानं त्यानं तोंड वर केलं, माझ्या लालभडक डोळ्यांकडे बघितलं आणि उपरण्याचं कोरडं टोक माझ्या हातात दिलं.

"तू आते रडू नको, भाऊ," तो म्हणाला. "तुन्हा डोया पहिलेच दुखतस."

मी ते टोक घेतलं आणि डोळे पुसले.